अठ्ठावन्न पावलं

घणसोलीत, हाय टेन्शनच्या तारांखाली
सिडकोने अजून काहीच न बांधलेला एक तुकडा आहे.
पहाटे साडेपाचला तिथे मी आणि हर्षाली.
तारा गुणगुणत असतात, दव पडलं की जास्तच.
बादलीत बावीस बॉल, त्यातल्या तिघांचे टाके उसवलेले.
मी फेकतो, ती मारते.
बादली संपली की दोघं मिळून गोळा करतो
नाल्याच्या कडेने, गाजर गवतातून,
कधी एखाद्या कुत्र्याच्या तोंडातून.

मी स्वतः अंडरआर्मवाला.
गोठिवलीच्या सामन्यांत मोटारसायकल जिंकलेला,
पुढे तीच विकून हिच्या जन्माचं बिल भरलेला.
मला एवढंच ठाऊक होतं: दात आवळायचे
आणि खांदा निखळेस्तोवर फिरवायचं.
गेला तर गेला, नाहीतर दांडी.
हिलाही तेच सांगत राहिलो,
"जोर लाव, हर्षू, जोर!"
जोर लावला की तिचं डोकं आभाळाकडे,
बॅट तिरकी, बॉल सरळ वर,
इतका वर की तो खाली येईपर्यंत
मी रागवायचं विसरून जायचो.

मग पागधरे सर भेटले.
रबाळ्याच्या कंपनीत तीस वर्षं घणाच्या मशीनवर होते,
डावा कान तिथेच ठेवून आले.
पहिला महिना त्यांनी बॉल दिलाच नाही.
म्हणाले, हात दुखला तर समजावं,
माणूस घणाला ढकलतोय.
घण आपला आपण पडतो,
आपण फक्त वाट दाखवायची.

"मागचा पाय असा फिरव,
जमिनीवर बिडी विझवल्यासारखा."
मग माझ्याकडे बघून, "उदाहरण आहे हो."
आधी कंबर, मग खांदा, कोपर, शेवटी मनगट.
दाराची बिजागरी इंचभर हलते
आणि लांबची कड भिंतीवर धाडकन आपटते, तसं.
पुढचा पाय जरा बाहेर, बॅटला जायला रस्ता.
खालचा हात सैल,
कोंबडीखालून काढलेलं गरम अंडं धरावं इतका.
आणि डोकं?
डोकं आहे तिथेच.
तुला बॉल बघायचाय, सिक्स नाही.
सिक्स बघायला बाकीचे आहेत.

मार्चमध्ये नेरूळला सामना होता, सोळा वर्षांखालच्या मुलींचा.
शेवटचा बॉल, पाच धावा.
रोज आम्ही चुन्याने गोल काढतो
नेमका तिथेच टप्पा पडला.
मी जाळीमागे. आवाज आला,
मधोमध लागल्यावर येतो तो, दबका.
खरा फटका फार ओरडत नाही.
लाँग ऑनची पोरगी मागे, मागे, अजून मागे गेली,
दोरीला टाच लागता लागता थांबली
आणि तिने तो छातीशी धरला,
चोरून आणलेल्या कैरीसारखा.

हर्षू पॅड सोडत होती तेव्हा
मी क्रीजपासून चालत गेलो.
अठ्ठावन्न पावलं.
दोरी साठावर.

बसमध्ये ती बोलली नाही, मीही नाही.
तुर्भ्याला तिने एकदा मनगट चोळलं.
रात्री सरांना फोन लावला, दोन पावलं कमी पडली म्हणालो.
दोनदा सांगावं लागलं, बहुतेक चुकीच्या कानाला होता.
"मैदानावर कमी पडली की अंगात?" त्यांनी विचारलं.
मला काय सांगावं सुचेना.
आतल्या खोलीतून, अंधारातून, तीच म्हणाली,
"टाच, पप्पा. मागची टाच उचललीच नाही मी."

सकाळी तारा नेहमीसारख्या गुणगुणत होत्या.
तिने बॅट आणलीच नव्हती.
दवाने मऊ झालेल्या मातीवर
नुसताच मागचा पाय फिरवत होती, पुन्हा, पुन्हा,
आणि चवड्याखाली एक खळगा होत चालला होता,
वाटीएवढा.
मी बादली खाली ठेवली.
फेकू का, विचारलं.
"थांबा," म्हणाली.